उकळत्या पाण्यातल्या अक्षता

ही गोष्ट घडलेली आहे, एवढं आधी सांगून ठेवतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल खोटी समजून वाचावी; विजयाची त्याला हरकत नाही. विजया माझी मामेबहीण. देवाला नारळ वाढवला तरी अर्धा परत मिळाला का ते बघणारी बाई. तिला भास होत नाहीत. भासासाठी लागणारा वेळ तिच्याकडे नाही.

जागा रायपूर, ब्राह्मणपाऱ्यातली एक गल्ली. काळ म्हणाल तर रायपूर राजधानी झाल्यानंतरचा दुसरा उन्हाळा.

आणि वेळ रात्रीची नाही...

भर दुपारची. नवतप्यातली.

मे महिन्याच्या अखेरीला नऊ दिवस इथं सूर्य असा तापतो की कुत्रीसुद्धा भुंकणं संध्याकाळवर ढकलतात. भुतं फक्त रात्री हिंडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी नवतप्यातली विजयाची गल्ली पाहिलेली नाही. अमावास्येच्या मध्यरात्री रस्त्यावर निदान एखादा दारुडा भेटतो. नवतप्यात दुपारी कोणी नसतं.

कोणी म्हणजे कोणीही नाही.

विजयाचं लग्न त्याच्या आदल्या हिवाळ्यात झालं होतं. वय उलटून गेल्यावर झालेलं लग्न, तेही बिजवराशी. नवरा, अनंतराव, माणूस सज्जन. पिकअप चालवायचे, स्वतःची. राजधानी झाल्यापासून शहरात कामं वाढली होती, म्हणजे मुख्यतः टेबलं आणि खुर्च्या इकडून तिकडे न्यायच्या होत्या. एक खातं एखाद्या बंगल्यात बूड टेकतं न टेकतं तोच त्याच्याहून मोठं खातं येऊन त्याला उठवायचं. उरलेल्या दिवशी सिलतऱ्याच्या कारखान्यांतून सळया आणायच्या. पिकअपला उसंत नव्हती.

या पिकअपच्या समोरच्या काचेवर, वरच्या अंगाला, पिवळ्या रंगात ठळक लिहिलं होतं : पद्मिनी.

पद्मिनी म्हणजे अनंतरावांची पहिली बायको. काविळीनं गेली. गाडी तिच्याच पाटल्या मोडून घेतलेली.

विजया रोज सकाळी दार उघडायची, आणि दाराशी सवत उभी असायची. चार चाकांवर.

सवत जिवंत असती तर बरं झालं असतं, असं विजयाला पुष्कळदा वाटे. जिवंत बाई भाजी खारट करते, कधी उलटून बोलते, वयानं थोराड होते. मेलेल्या बाईच्या हातून काहीच चुकत नाही. शेजारच्या अंजनाबाई वाटीभर आमटी चाखूनही म्हणायच्या, "चांगली झाली वं पोरी. पद्मिनी यात थोडा गूळ टाकायची." आणि अनंतराव? ते काहीच म्हणायचे नाहीत. पण निघताना बॉनेटवर हात ठेवायचे. हलकेच, एखाद्याच्या पाठीवर ठेवावा तसा.

विजयाच्या पाठीवर त्यांनी असा हात कधी ठेवला नव्हता.

तिनं लग्नानंतर एकच गोष्ट मागितली. "अहो, ते नाव पुसा नं."

"राहू दे ना," अनंतराव म्हणाले. "रंगच आहे. उन्हानं जाईल."

रायपूरच्या उन्हानं सगळं जातं, हे खरं आहे. ते नाव मात्र जात नव्हतं.

मग नवतप्याच्या पहिल्या दुपारी, अनंतराव कूलरसमोर झोपलेले असताना, विजया रॉकेलचा बोळा आणि जुनं ब्लेड घेऊन बाहेर गेली. डोक्यावर ओला टॉवेल बांधून तिनं सवतीचं एकेक अक्षर खरवडून काढलं. हात भाजले. समाधान झालं.

संध्याकाळी अनंतरावांनी काच पाहिली. ते रागावले असते तर विजया भांडायला तयार होती, वाक्यं पाठ होती. ते जेवले, हात धुतला आणि गच्चीवर झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी पिकअप तापली.

सिलतऱ्याच्या चिमण्या दिसायला लागल्या आणि टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत जाऊन बसला. बॉनेटखालून वाफ. अनंतराव तासभर रस्त्याच्या कडेला उभे राहिले, पाणी ओतलं, परत आले.

तिसऱ्या दिवशी तेच.

गौतम मेकॅनिकला घरीच बोलावलं. गौतम मूळचा वर्ध्याकडचा. त्याला निदान करताना कधीच शंका येत नसे. शंका नंतर यायची, गिऱ्हाइकाला.

"थर्मोस्टॅट अटकला," त्यानं बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं.

थर्मोस्टॅट बदलला. गाडी तापली.

"फॅनबेल्ट ढिला होता. मी म्हटलंच होतं."

बेल्ट बदलला. गाडी तापली.

"वॉटर पंप. पाणी फिरूनच नाही राहिलं."

पंप उघडला तर चांगला ठणठणीत. परत बसवला.

"गौतमभाऊ," विजया उंबऱ्यातून म्हणाली, "सगळंच एकदम काहून नाही बदलत? एकदाचं सुटेल तरी."

"नाही ना वहिनी," गौतम गंभीर झाला. "एका टायमाले एकच गोष्ट बदलाची. नाहीतर रोग कशात होता हेच समजत नाही."

त्या आठवड्यात त्याच्या तोंडून निघालेली ही एकच बरोबर गोष्ट. विजयानं ती लक्षात ठेवली.

मग त्यानं फडकं दाबून रेडिएटरचं झाकण फिरवलं. आतून फुस्सकन वाफ उसळली आणि समोरच्या काचेवर जाऊन बसली. काच पांढरी झाली.

आणि त्या पांढऱ्यावर...

अक्षरं उमटली.

पद्मिनी.

अनंतराव बघत राहिले. विजया उंबरा ओलांडून बाहेर आली.

"रॉकेलनं पुसलं काय?" गौतमनं काचेकडे बघितलंही नाही. "जुना रंग काचेवर डाग सोडते, वाफेत दिसते. त्याचं काही नाही." आणि लगेच तो पुढं वाकला. "पण हे काय आहे बाप्पा?"

त्यानं रेडिएटरच्या तोंडात बोट घातलं आणि काहीतरी काढून तळहातावर ठेवलं.

तांदूळ. कुंकवानं माखलेले.

अक्षता.

त्यानं रेडिएटर सोडवून उलटा केला, तेव्हा मूठभर निघाल्या. नळ्यांची तोंडं त्यांनीच बुजवली होती.

"घ्या," गौतम खुश झाला. "सापडला रोग. वहिनी, गाडीची पूजा बाहेरून करत असतेत. पोटात खिचडी नाही लावत."

"मी नाही टाकल्या," विजया म्हणाली.

"हव, हव," गौतम हसत म्हणाला. इकडं 'हव' म्हणजे होकार. गौतमच्या तोंडी त्याचा अर्थ 'चालू द्या तुमचं' असा होता.

पण खिचडी या शब्दावर विजया अडकली. स्वयंपाक करणारी बाई ती. तिनं एक दाणा उचलून नखांत दाबला.

कडक.

टचकन मोडला. आतून पांढरा, कोरडा.

उकळत्या पाण्यात चार दिवस राहिलेला तांदूळ... आणि शिजलेला नव्हता.

हे तिनं कोणाला सांगितलं नाही. पुरुषांना तांदळातलं काय कळणार.

संध्याकाळी अंजनाबाई ओट्यावर येऊन बसल्या, आणि न विचारताच उलगडा केला. "पद्मिनीची रीत होती वं ती. सकाळी उठली की पहिला तांब्या गाडीले. त्यात कुंकू न् दोन अक्षता. म्हणे, माझ्या पाटल्या आहेत त्या, तहान लागते त्याहिले. एवढी वर्षं गाडी कधी गरम नाही झाली बाई तिच्या हातानं."

झालं. विजयाचं निदान तिथंच पक्कं झालं, गौतमपेक्षाही झटपट. हे काम नवऱ्याचं. आपण झोपेतून उठायच्या आधी हा माणूस खाली येऊन, पद्मिनीच्या नावानं, तिच्या पद्धतीनं गाडीला पाणी पाजतो. नाव पुसलं तर हे सुरू केलं. दोन अक्षतांच्या जागी मूठभर.

तिला रडू आलं नाही. तिला मोजता येईल इतका स्पष्ट मत्सर वाटला.

रेडिएटर धुऊन बसवला. एक दिवस काटा जागेवर राहिला. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा तापली. झाकण उघडलं...

अक्षता. ताज्या. कुंकू अजून ओलं.

कुंकू ओलं म्हणजे काम पहाटेचं नाही, दुपारचं; आता पकडायचंच, असं विजयानं ठरवलं. दुपारी अनंतराव जेवून खोलीत आडवे झाले. कूलरचा आवाज घरभर भरला. विजया समोरच्या खोलीत खिडकीच्या फटीशी बसली. बाहेर पिकअप उभी. गल्लीत लू वाहत होती, म्हणजे नुसती गरम हवा. तिला आवाजसुद्धा नव्हता.

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग कूलर थांबला. वीज गेली.

त्या शांततेत...

खट.

बॉनेटच्या खटक्याचा आवाज.

विजयानं फटीला डोळा लावला. बॉनेट उघडून उभं होतं. त्याच्यामागं काही दिसत नव्हतं.

पण ऐकू येत होतं.

बांगड्या. काचेच्या. आणि झाकण फिरल्याची करकर. मग पाणी. संथ धार, घटघट घटघट... कोणीतरी फार तहानेनं पीत असावं तसं.

आत अनंतराव घोरत होते. म्हणजे ते नव्हते.

कोणतीही शहाणी बाई इथं आतून कडी लावून देवाचं नाव घेईल. विजयाला आधी संताप आला. माझ्या दारात, माझ्या नवऱ्याच्या गाडीला, दुसरी बाई पाणी घालते आहे, एवढंच तिच्या डोक्यात शिरलं. ती दुसरी जिवंत आहे की नाही, हा मुद्दा तिला त्या घटकेला दुय्यम वाटला. ती अनवाणी बाहेर धावली.

कोणी नव्हतं.

गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरीफटक. रेडिएटर काठोकाठ भरलेला. वर दोन अक्षता, गोल फिरत होत्या.

मडगार्डवर एक पितळी तांब्या होता.

विजयाच्या देवघरातला. सकाळी तिनं स्वतः घासून पालथा घातलेला.

आणि तापलेल्या पत्र्यावर, जिथं पापड भाजला असता, तिथं एका हाताचा ओला पंजा उमटला होता.

वाळत नव्हता...

विजयानं तांब्या उचलला. थंडगार. तिच्या तळव्यांना चटके बसत होते तरी ती हलली नाही. त्या पंज्याशेजारी आपला हात धरून बघावा, असं तिला वाटलं. बोटं तिच्यापेक्षा लांब होती. तेही तिला लागलं.

"विजया?"

वीज गेल्यानं अनंतराव उठून दारात आले होते. त्यांनी पाहिलं ते असं : बॉनेट उघडं, रेडिएटर भरलेला, आणि बायको भर उन्हात, अनवाणी, हातात पूजेचा तांब्या.

त्यांचा चेहरा बदलला.

"तूच होतीस काय?" अनंतराव म्हणाले. "अन् मी समजलो तू तिचा राग करतेस. नाव पुसलंस ना, म्हणून." ते पुढं आले. "अगं, पण असल्या उन्हात? पाय पोळून राहिले ना तुझे."

आणि त्यांनी विजयाच्या पाठीवर हात ठेवला.

हलकेच. बॉनेटवर ठेवायचे तसा.

नाही म्हणायला तिच्याकडे वेळ होता. भरपूर होता. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न 'मग कोण' हा होता. आणि मग हा माणूस दिवसरात्र त्या बॉनेटपाशी बसून राहिला असता, हे तिला पक्कं माहीत होतं.

"हो," विजया म्हणाली. "मीच."

त्यांच्या मागं, पत्र्यावरचा पंजा त्याच वेळी वाळला. एकदम. कोणीतरी हात उचलून घ्यावा तसा.

त्या दिवसापासून पिकअप तापली नाही. गौतमनं श्रेय घेतलं. अनंतराव बदलले. आमटी चांगली झाली म्हणू लागले, गुळाशिवाय. रंगाऱ्याला बोलावून काचेवर नवीन नाव लिहून घेतलं, त्याच पिवळ्या रंगात : विजया. गल्लीनं पाहिलं. अंजनाबाई म्हणाल्या, "शोभते."

विजया काचेसमोर उभी राहिली. हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि उसन्या दागिन्यासारखं अंगाला टोचत होतं.

खोटं निभवायला ती खरंच पहाटे तांब्या घेऊन जाऊ लागली. एकदा हे काम आपलं झालं की झालं, असा तिचा विचार. ती रेडिएटरचं झाकण उघडायची...

काठोकाठ.

वर दोन अक्षता.

ती आणखी लवकर उठली. काठोकाठ. त्याहून लवकर. काठोकाठ. तिच्या तांब्यातलं पाणी बाहेरच सांडायचं.

मग तिला गौतमचं वाक्य आठवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

गाडी थंड राहते ती कोणामुळे? आपण एक दिवस जायचंच नाही. गाडी तापली, तर इतके दिवस ती आपल्या हातानं थंड राहत होती. नाही तापली, तर...

उन्हाळ्यात अनंतराव गच्चीवर झोपत. त्या पहाटे विजया नेहमीसारखी खाली आली, पण बाहेर गेली नाही. स्वयंपाकघराची कडी लावली आणि तांब्या मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून, जमिनीवर बसली. आज तांब्या इथं आहे. बघू ती कशानं घालते.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दूर गेला. तांब्या कोरडाच होता.

दिवसभर विजया एकच प्रार्थना करत होती. आपल्या पोटापाण्याची गाडी भर रस्त्यात बंद पडावी म्हणून देवाला साकडं घालणारी ती ब्राह्मणपाऱ्यातली एकटीच बाई असेल.

दुपारी अनंतराव परत आले. घामाघूम, पण आनंदात.

"तापली काय?" विजयानं विचारलं.

"कुठली तापते. एवढ्या सळया भरल्या होत्या, पण काटा हललासुद्धा नाही." ते पाणी प्यायले. "आज जास्त टाकलंस वाटते पाणी. आणि सकाळी मी गच्चीवरून हाक मारली तुले. वळलीबी नाहीस."

विजयानं रिकामा पेला उचलला.

"नुसता तांब्या जरा वर केलास. डोक्यावरून पदर, पाठ माझ्याकडं. मी म्हटलं, पूजेत आहे, बोलत नसेल." ते हसले. मग टॉवेलानं मान पुसत सहज म्हणाले, "ती हिरवी साडी केव्हा घेतलीस? छान दिसत होतीस त्याच्यात."

विजयाकडे हिरवी साडी नव्हती.

तिनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते तिनं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पाहिलं होतं. आणि ते तिच्यासाठी नव्हतं.

"मागच्याच महिन्यात," ती म्हणाली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती पंडरीच्या कपडाबाजारात गेली आणि हिरवी साडी घेऊन आली.

याला आता बरीच वर्षं झाली. पिकअप जुनी झाली, विकायचं नाव निघत नाही. विजयाकडे हिरव्या साड्यांचा एक अख्खा कप्पा आहे. दुसरा रंग ती नेसत नाही. अनंतरावांना तो आवडतो असं ती सांगते. गेल्या खेपेला मी मुक्कामाला होतो. पहाटे लवकर उठून स्वयंपाकघरात गेलो, तर ती तांब्या पुढ्यात ठेवून बसलेली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

गच्चीवरून अनंतरावांचा आवाज आला. गल्लीकडे तोंड करून ते कोणाशीतरी बोलत होते, हळू, लाडानं. शब्द समजत नव्हते.

विजयानं पदर सारखा केला.

"रोज एवढी लवकर उठते मी," ती म्हणाली. "तरी आजही तीच आधी गेली."